७ इंची टचस्क्रीनवर काट्याचं बिलिंग: विंडो कशा लावाव्यात?

मोंढा_लातूर (प्रश्न)

आडत दुकानात काट्याशेजारी ठेवायला एक छोटं मशीन करायलोय. रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर), ७ इंची टचस्क्रीन, ८०० बाय ४८० पिक्सेल. काटा सिरियल केबलनं जोडलाय, ९६०० बॉडच्या वेगानं वजन सतत येत राहतं. प्रोग्राम पायसाइड ६ मध्ये (म्हणजे पायथॉनमधून क्यूटी), क्यूटी विजेट्स, म्हणजे तयार बटणं-रकाने, वापरून. ओएस रास्पबेरी पायचीच, नवी, लॅबडब्ल्यूसीवाली (हा विंडो मांडणारा प्रोग्राम).

प्रोग्रामात पाच विंडो आहेत: चालू वजन, शेतकरी निवड, कट्ट्यांची यादी, पट्टी (शेतकऱ्याचा हिशोब: भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम) आणि सेटिंग. गादीवरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर हीच रचना व्यवस्थित चालते. इथं मात्र पट्टीच्या विंडोतलं 'जतन करा' बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि विंडो वर ओढायला जागाच नाही. रकान्यावर बोट ठेवलं की कीबोर्ड येतो आणि नेमका तोच रकाना झाकतो. शेतकरी निवडायची विंडो उघडली की वजन दिसंना, आणि हमाल तर पुढचा कट्टा चढवून मोकळा. सगळ्यात वाईट म्हणजे मधूनच सगळं गोठतं. वजन बदलताना दिसतं, पण कुठलंच बटण दाबलं जात नाही.

टायलिंग करावं (विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारी), टॅब करावेत, की एका वेळी एकच पूर्ण स्क्रीन? काट्यावरचा माणूस माउस वापरणार नाही आणि सगळं मराठीत पाहिजे.

---

गोदाकाठ_नांदेड

आधी गोठण्याचं बघू, कारण मशीन बंद करून चालू करायची सवय लागली की खरं कारण सापडत नाही.

वजन हलतंय म्हणजे प्रोग्राम जिवंत आहे. तुमचा एखादा डायलॉग मॉडल आहे आणि तो मोठ्या विंडोच्या मागं उघडलाय. मॉडल असल्यामुळं पुढच्या विंडोचे सगळे स्पर्श अडवले जातात, आणि ज्याला उत्तर द्यायचं तो डायलॉग दिसतच नाही. डेस्कटॉपवर खालच्या पट्टीवर दुसरी विंडो दिसते म्हणून तिथं हे लक्षात येत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: डायलॉग बनवताना पेरेंट (मालक विंडो) दिलेला नसतो. कोडमध्ये मेसेजबॉक्स आणि डायलॉग शोधा, आणि जिथं पेरेंटच्या जागी काहीच नाही किंवा 'नन' आहे तिथं मुख्य विंडो द्या. पेरेंट दिला की हा डायलॉग कुणाचा आहे ते क्यूटी कंपोझिटरला (विंडो स्क्रीनवर मांडणाऱ्याला, तुमच्याकडं लॅबडब्ल्यूसीला) कळवतं, आणि मग तो मालकाच्या वरच राहतो.

आता बटण खाली जाण्याचं. विंडो ८०० बाय ४८० करा म्हटलं तरी ती मोठीच उघडते, कारण आतल्या मांडणीची किमान उंची-रुंदी त्याहून जास्त भरते. पट्टीच्या विंडोची मिनिमम साइझ हिंट (क्यूटीनं काढलेलं किमान माप) छापून बघा, उंची ५५०-६०० निघाली तर नवल नाही. दोन गुन्हेगार नेहमीचे. एक, लांब लेबल. 'शेतकऱ्याचे संपूर्ण नाव व गाव' असं लेबल वर्ड रॅप (लांब ओळ मोडून खाली घेणं) न लावता टाकलं की ते अख्ख्या विंडोची किमान रुंदी ढकलतं. दुसरा गुन्हेगार सगळं एका विंडोत आणल्यावर भेटेल: स्टॅक्ड विजेटची (एकावर एक पानं ठेवणाऱ्या विजेटची) किमान साइझ त्याच्या सगळ्या पानांतल्या सर्वात मोठ्या पानाइतकी असते. म्हणजे सेटिंगचं पान मोठं असेल तर ते उघडलेलं नसतानाही वजनाचं पान स्क्रीनबाहेर जाईल. प्रत्येक पानाची हिंट वेगवेगळी छापा. जे पान मर्यादेबाहेर असेल ते स्क्रोल एरियात टाका, मात्र त्याचं 'जतन करा' बटण स्क्रोलच्या बाहेर, खालच्या पक्क्या पट्टीत ठेवा. निर्णयाचं बटण स्क्रोल करून शोधावं लागलं तर ते असून नसल्यासारखं.

तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत: पाच विंडो नकोच. एक विंडो, आत पानं, एका वेळी एक पान. त्यावर फार तर एक डायलॉग, आणि डायलॉगातून दुसरा डायलॉग उघडायला बंदी. माउस नाही, ओढायला जागा नाही, तेव्हा विंडो हलवण्याचं स्वातंत्र्य तिथल्या माणसाच्या कामाचं नाही.

---

अजिंठा_पिक्सेल

गोदाकाठ भाऊंचं निदान बरोबर आहे, पण 'एका वेळी एक पान' इथं पूर्ण लागू पडत नाही. काट्यावर वजन कायम दिसलंच पाहिजे. शेतकऱ्याचं नाव शोधतानाही, पट्टी बघतानाही. म्हणून स्क्रीन उभी दोन भागांत कापा. डावा भाग कधीच बदलत नाही, पानं फक्त उजव्या भागात बदलतात. हे टायलिंगच झालं, फक्त फरशा सिमेंटनं बसवलेल्या. वापरणाऱ्याला रेघ सरकवायची सोय देऊ नका.

मापं पिक्सेलमध्ये ठरवण्याआधी मिलिमीटरमध्ये ठरवा. या ७ इंची, ८०० बाय ४८० पॅनलचा दिसणारा भाग साधारण १५४ बाय ८६ मिमी असतो. म्हणजे आडव्या दिशेला एका मिलिमीटरला ५.२ पिक्सेल आणि उभ्या दिशेला ५.६. पिक्सेल चौरस नाहीत, त्यामुळं गोल बटण किंचित चपटं दिसतं आणि ५० पिक्सेल उंचीचं बटण ५० रुंदीच्या बटणापेक्षा प्रत्यक्षात बुटकं भरतं. बोटासाठी ९ मिमी धरलं तर ४७ रुंद, ५० उंच. खाली ७ मिमीपर्यंत उतरता येतं, पण भुसा लागलेल्या, घामेजल्या बोटांसाठी उतरू नका.

त्यावरून हिशोब असा बसतो. वरची पट्टी ३६ पिक्सेल: वेळ, प्रिंटर, काटा जोडलाय का, एवढंच. ती साडेसहा मिमीच आहे, म्हणून तिथं दाबायचं काही ठेवायचं नाही. खालची बटणांची पट्टी ५६. मध्ये उरले ३८८. ओळ ५२ ची धरली तर यादीच्या सात ओळी बसतात आणि थोडी जागा उरते. आठवी अर्धी ओळ दाखवण्याचा मोह टाळा, खालच्या पट्टीचं बटण दाबताना बोट तिच्यावर पडतं.

रुंदीत डावा भाग ३२०, उजवा ४८०. डावीकडं वजनाचा फॉन्ट ९६ पिक्सेल ठेवला तर अंकाची उंची १२ मिमीच्या आसपास जाते, काट्याशी उभ्या असलेल्या माणसाला वाचता येते. तीन अंकी किलो आणि दोन दशांश ३२० मध्ये मावतात, त्याहून मोठा फॉन्ट मावत नाही. अंकांची रुंदी सारखी नसेल तर वजन बदलताना आकडा थरथरल्यासारखा दिसतो. उजवीकडं टेकवा, किंवा प्रत्येक अंकाला स्वतःचा ठरलेला चौकोन द्या. आकड्याखाली 'स्थिर' किंवा 'हलतंय', आणि त्याखाली शेतकरी, माल, कितवा कट्टा. 'कट्टा नोंदवा' हे मोठं बटणही डावीकडंच, वजन स्थिर असेल तेव्हाच चालू.

उजव्या ४८० मध्ये अंकांचा कीपॅड आरामात बसतो: चार ओळी, प्रत्येकी ६८ उंच, वर ६० चा रकाना, मध्ये आठ-आठची फट. एकूण ३६४. भाव, हमाली, तोलाई हे सगळं त्यावरच भरता येतं, सिस्टिमचा कीबोर्ड बोलवायचाच नाही. मालासाठी कॉम्बोबॉक्स (दाबल्यावर यादी उघडणारा रकाना) ठेवू नका. त्याची यादी ही वेगळी पॉपअप विंडोच असते आणि तिच्या बारीक ओळी बोटाला सापडत नाहीत. सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद, ज्वारी अशी सहा मोठी बटणं ठेवा. शेतकरी शोधायला नाव टाइप करायला लावण्यापेक्षा मोबाइलचे शेवटचे चार अंक विचारा. अंक जुळणारे दोघं-तिघं निघाले तर नाव आणि गाव दाखवून निवडू द्या.

मराठीबद्दल एक. बटणाची उंची आधी ठोकून मग फॉन्ट घालू नका. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार लागतात, त्यामुळं इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळीत 'र्वी' चा रफार किंवा 'कृ' चा खालचा भाग कापला जातो. ओळीची उंची फॉन्टच्या दीडपट धरा आणि 'तूर', 'कुर्डुवाडी', 'कृष्णूर' असले शब्द टाकून तपासा. (क्यूटीऐवजी टीके ८.६ या दुसऱ्या विंडो-लायब्ररीत केलं नाही ते बरं झालं. लिनक्सवर त्यात जोडाक्षरंच नीट जुळत नाहीत, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडंच पडते.)

---

मोंढा_लातूर

ताई, डावा भाग कायम ठेवायचं पटलं. गोठायचं कारणही तेच निघालं. प्रिंटरमधला कागद संपल्याचा मेसेजबॉक्स पेरेंटशिवाय होता.

एक अडचण राहिली. याच मशीनवर क्रोमियम ब्राउझरमध्ये एक पोर्टलही उघडावं लागतं. ते माझ्या हातात नाही, त्याच्या पॉपअप विंडो येतात, आणि तिथून परत माझ्या प्रोग्रामकडं यायला वाट नाही. शिवाय गाव-नाव नवीन असेल तर मराठी कीबोर्ड लागतोच.

---

थेट_ईजीएल

कशाला उगी एवढा खटाटोप? क्यूटी ईजीएलएफएसवर चालवा. विंडो मॅनेजरच नको, कंपोझिटरच नको, स्क्रीन थेट तुमच्या प्रोग्रामची.

---

वेलँड_परभणी

ईजीएलएफएस एकट्या प्रोग्रामसाठी उत्तम, पण यांना शेजारी क्रोमियम पाहिजे. तिथं स्क्रीन एकाच्या ताब्यात जाते, दुसरा प्रोग्राम येऊ शकत नाही. म्हणून लॅबडब्ल्यूसी राहू द्या.

कीबोर्ड रकाना का झाकतो ते बघा. रास्पबेरी पाय ओएसमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून लॅबडब्ल्यूसी आणि स्क्वीकबोर्ड कीबोर्ड आहेत. कीबोर्ड खालच्या कडेला चिकटतो आणि कंपोझिटरला सांगतो की एवढी जागा माझी. हे ऐकून मॅक्सिमाइझ केलेली विंडो आक्रसते. फुलस्क्रीन विंडो आक्रसत नाही, तिला पूर्ण स्क्रीन देणं हाच तिचा अर्थ. मग कीबोर्ड एक तर मागं राहतो किंवा वर चढून झाकतो. तेव्हा शो फुलस्क्रीन काढा, त्याऐवजी फ्रेमलेस हिंट आणि शो मॅक्सिमाइझ्ड. दिसायला दोन्ही सारखंच, वागायला वेगळं.

आक्रसल्यावर काय दिसेल तेही ठरवायला लागेल. चार ओळींचा, ५२ उंचीचा कीबोर्ड २०८ खातो, वरची पट्टी ३६, उरले २३६. त्यात ५६ ची खालची पट्टी ठेवली तर फॉर्मला १८० राहतात. म्हणून विंडोची उंची ३०० च्या खाली गेली की खालची पट्टी लपवा, ज्यात टाइप चाललंय तो रकाना दिसेल एवढं स्क्रोल करा (स्क्रोल एरियाचं 'एन्शुअर विजेट व्हिजिबल' त्यासाठीच आहे), आणि डाव्या भागात फक्त वजनाचा आकडा ठेवा. हे सगळं रिसाइझ इव्हेंटमध्ये करा. कीबोर्ड उघडलाय का हे वेगळं विचारायला जाऊ नका, उंची कळली की पुरे.

कीबोर्ड आपोआप येतच नसेल तर तुमचा प्रोग्राम एक्सवेलँडमधून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांसाठीच्या वाटेनं, चालत असेल. क्यूटीचा प्लॅटफॉर्म एक्ससीबी ठेवला असेल तर असं होतं. तो वेलँड (लॅबडब्ल्यूसीची स्वतःची पद्धत) करा. पण मग लक्षात ठेवा, वेलँडवर विंडोला स्वतःची जागा ठरवता येत नाही. कोडमध्ये कुठं 'मूव्ह' लिहून विंडो कोपऱ्यात नेत असाल तर ते गुपचूप दुर्लक्षिलं जाईल. एकच विंडो आणि आत पानं या रचनेला त्याचा फरक पडत नाही. डायलॉगही वेगळी विंडो न करता त्याच विंडोतलं वरचं विजेट करा, मागं काळसर झाक, मध्ये चौकट. मग तो मागं जाण्याचा प्रश्नच मिटला.

आता पोर्टल. क्रोमियम किऑस्क मोडमध्ये लावू नका, तो फुलस्क्रीन असतो आणि सगळ्याला झाकतो. ॲप मोडमध्ये (पत्त्याची पट्टी नसलेल्या विंडोत) उघडा आणि लॅबडब्ल्यूसीच्या आरसी डॉट एक्सएमएल फाइलीत विंडो रूल लिहा: क्रोमियमच्या ओळखीची विंडो आली की सजावट काढायची आणि मॅक्सिमाइझ करायची. ओळखीच्या जागी नुसती चांदणी (*) टाकून सगळ्यांना तोच नियम लावू नका, दोन शब्दांचा मेसेजसुद्धा अख्ख्या स्क्रीनभर पसरेल. फाइल बदलल्यावर लॅबडब्ल्यूसीला रिकॉन्फिगर पर्याय देऊन चालवलं की मशीन बंद न करता नियम लागू होतो.

परतीच्या वाटेसाठी वेबार (कडेला कायम दिसणारी पट्टी) घ्या, वरच्या कडेला, ४८ उंच, त्यात डब्ल्यूएलआरचा टास्कबार मॉड्युल. उघड्या विंडोंची बटणं तिथं कायम दिसतील, पोर्टलचा पॉपअपही वेगळं बटण म्हणून दिसेल आणि हरवणार नाही. अजिंठा ताईंची ३६ ची पट्टी मग काढून टाका, घड्याळ आणि प्रिंटरची स्थिती वेबारमध्येच दाखवा. ४८० मधून ४८ आणि ५६ गेले, ३७६ उरले. सात ओळींना ३६४ लागतात, म्हणजे यादी तरीही बसते. कीबोर्ड वर असताना मात्र २२४ च उरतील.

पोर्टलचं पान १०२४ रुंदीसाठी केलेलं असेल तर आधी क्रोमियमचाच झूम कमी करा. डब्ल्यूएलआर-रँडआर या स्क्रीनचं माप ठरवणाऱ्या कमांडनं अख्ख्या स्क्रीनचं स्केल ०.८ केलं तर १००० बाय ६०० मिळतं खरं, पण ते तुमच्या प्रोग्रामलाही लागू होतं. ९ मिमीचं बटण सात-सव्वासातवर येतं आणि अक्षरं धुरकट होतात.

ही रड नवी नाही म्हणा. २००७ साली असुसचा ई-पीसी आला तोही ७ इंची, ८०० बाय ४८०. तेव्हा लोक ऑल्ट दाबून विंडो वर ढकलत आणि खालचं ओके बटण गाठत. तुमच्याकडं ऑल्ट कीच नाही.

---

गोदाकाठ_नांदेड

पॉपअपचा विषय निघालाच आहे तर एक धोका. माणूस 'कट्टा नोंदवा' दाबायला बोट खाली आणतोय आणि त्याच क्षणी तिथं काहीतरी उगवतं, बोट पडतं 'होय' वर. माउसवर असं क्वचित होतं, टचवर रोज. तुमच्या डायलॉगांना उघडल्यापासून पहिले ५०० मिलिसेकंद स्पर्श घेऊ देऊ नका, तेवढा वेळ बटणं फिकट दाखवा. फायरफॉक्स एक्स्टेंशन बसवताना परवानगीच्या खिडकीत बटण असंच थोडा वेळ बंद ठेवतो. शिवाय डायलॉगाची बटणं 'कट्टा नोंदवा' च्या जागेवर येतील अशी मांडणीच करू नका, ती उजव्या भागातच उघडू द्या.

कागद संपला, केबल निघाली असल्या सूचनांना डायलॉग नकोच. वेबारमध्ये किंवा वजनाखाली लाल ओळ पुरते. तोल थांबवायचं कारण एकच, काट्याकडून आकडा येणं बंद झालं तर. तेव्हा जुना आकडा तसाच दाखवत ठेवू नका, एक सेकंदात नवा आला नाही की जागी रेघा दाखवा. कट्टा खोडताना 'नक्की का?' विचारण्याऐवजी खोडून टाका आणि पाच सेकंद 'परत आणा' दाखवा. कुठलाही प्रश्न पन्नासदा विचारला की माणूस न वाचता होय दाबतो.

यादी बोटानं सरकत नसेल तर क्यूटीचा क्यू-स्क्रोलर लावायचा राहिलाय, त्याशिवाय बोट ओढलं की ओळी निवडल्या जातात. तरी शेजारी वर-खाली दोन बटणं ठेवाच, एका दाबात सात ओळी.

आणि लाइट गेली तर? प्रत्येक कट्टा नोंदताक्षणी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहा, सोबत उघडं पान आणि चालू शेतकऱ्याचा क्रमांकही. चालू झाल्यावर सरळ त्याच पानावर जा. मुख्य मेनू दाखवला की अर्धवट राहिलेल्या शेतकऱ्याची दुसरी पट्टी सुरू होते आणि कट्टे दोन ठिकाणी वाटले जातात.

---

मोंढा_लातूर

हे सगळं दरवेळी मोंढ्यात नेऊन तपासणं जमायचं नाही. घरच्या लॅपटॉपवर कसं तपासावं?

---

वेलँड_परभणी

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर लॅबडब्ल्यूसी चालू डेस्कटॉपच्या आत एका विंडोतही चालतो. त्या आतल्या स्क्रीनचा आकार डब्ल्यूएलआर-रँडआरनं ८०० बाय ४८० करा, आत तुमचा प्रोग्राम, वेबार आणि स्क्वीकबोर्ड सुरू करा. आक्रसणं, पॉपअप, मागं जाणं, हे सगळं तिथं दिसतं. काट्याच्या जागी एक छोटी स्क्रिप्ट आभासी सिरियल पोर्टवर आकडे टाकत राहील अशी सोय सोकॅट ही कमांड वापरून होते. तिला अधूनमधून गप्पही बसवा, म्हणजे रेघा येतात का ते कळेल.

---

अजिंठा_पिक्सेल

लॅपटॉपवर बोटाचं माप मात्र कळत नाही. पानांचे स्क्रीनशॉट १५४ बाय ८६ मिमी मापात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि काट्यावर बसणाऱ्या माणसाला अंगठ्यानं दाबायला सांगा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद, नाहीतर माप बदलतं. अंगठ्याखाली दोन बटणं झाकली जात असतील तिथं फट आठऐवजी बारा करा. आणि चाचणीसाठी 'अबक' असली नावं टाकू नका, तुमच्या खातेवहीतलं सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात लांब गाव एकाच ओळीत टाकून बघा. मावलं नाही तर नाव पूर्ण ठेवून गाव कापा, कारण त्याच नावाचा दुसरा शेतकरी निघाला तर मोबाइलचे अंक शेजारी असतातच.